कॅप्सूल कॉफी मशीनची धार बारीक झाली, तर पंपाआधी काय तपासायचं

प्रश्न थोडक्यात असा: दोन वर्षं वापरातलं, छोट्या ॲल्युमिनियमच्या कॅप्सूलवर चालणारं मशीन आहे. पूर्वी एस्प्रेसोचा कप अर्ध्या मिनिटात भरायचा, आता दीड-दोन मिनिटं नुसते थेंब पडतात. एकदा डिस्केलिंग, म्हणजे आत साचलेला क्षार काढायची सफाई केली, फरक पडला नाही, उलट धार आणखी बारीक झाली. मधल्या काळात स्वस्त पडतात म्हणून दुसऱ्या कंपनीच्या कॅप्सूल मागवल्या. दुरुस्तीवाल्याने मशीन न उघडताच सांगितलं, "पंप गेलाय, बदलावा लागेल." बदलू का?

निदान लगेच तरी नको. पुण्यात घरगुती उपकरणांची दुरुस्ती हेच माझं काम, आणि "धार येत नाही" म्हणून आलेल्या मशीनचा पंप ठणठणीत निघतो, हे आम्ही नेहमीच बघतो. पंपावर आळ येतो कारण आवाज तोच करतो. बाकीचे भाग मुकाट्याने तुंबतात.

सुरुवातीला एक खातरजमा करा. धार बारीक झालीय, की कप कमी भरतोय? या दोन तक्रारी लोक एकाच वाक्यात सांगतात, पण त्यांचा एकमेकींशी संबंध नाही. बहुतेक मशीनमध्ये बटण दाबून धरलं की किती पाणी सोडायचं ते लक्षात ठेवलं जातं. घरातल्या कुणी चुकून तसं केलं असेल, तर मशीन नेहमीच्या वेगाने पंचवीस मिली कॉफी देऊन थांबतं आणि आपण म्हणतो बिघडलं. तिथे माहितीपुस्तिका बघून मूळ सेटिंग परत आणायचं, काम संपलं. तुमच्याकडे वेळच तिप्पट-चौपट झालाय, म्हणजे अडथळा खराच आहे.

दुसरं, मी जे सांगतोय ते पंपाच्या दाबावर कॉफी काढणाऱ्या मशीनला लागू आहे. नेस्प्रेसो कंपनीचं व्हर्च्युओ नावाचं मशीन कॅप्सूल मिनिटाला ७,००० फेऱ्यांपर्यंत गरगर फिरवून आणि तिच्या कडेवरचा बारकोड वाचून कॉफी काढतं. तिथे फेसाळ, संथ धार ही मूळचीच असते. ती बघून कुणी घाबरू नये.

आता पाण्याचा रस्ता डोळ्यांसमोर आणा. टाकीच्या तळाशी स्प्रिंगची झडप आणि बारीक जाळी, पुढे बहुतेक मशीनमध्ये पाणी मोजणारं छोटं चक्र, मग पंप, मग पाणी तापवणारा थर्मोब्लॉक, मग कॅप्सूलच्या डोक्याला भोकं पाडणाऱ्या सुया किंवा पाती, मग कॅप्सूल, आणि शेवटी बारीक उंचवट्यांची पट्टी. दाब वाढला की कॅप्सूलचं झाकण या उंचवट्यांवर फाटतं आणि कॉफी कपात उतरते. झाकण फाटेपर्यंत सुरुवातीचे काही क्षण कपात काही पडत नाही, तो दोष नव्हे. खोक्यावर १९ बार छापलेलं असतं, तो पंपाला जास्तीत जास्त किती दाब देता येईल त्याचा आकडा. प्रत्यक्षात किती दाब तयार होतो, ते समोरचा अडथळा ठरवतो.

टाकी सोडली, तर या सगळ्या रस्त्यात कॅप्सूल हा एकच भाग तुम्ही हाताने काढू शकता. म्हणून पहिली चाचणी तिच्याशिवाय. वापरलेली कॅप्सूल पाडून टाका, लीव्हर बंद करा, टाकी पूर्ण भरा, खाली मिलीच्या खुणा असलेला मोजमापाचा पेला ठेवा आणि मोठ्या कपाचं बटण दाबून फोनवर वेळ लावा. प्रत्येक मॉडेलचा वेग वेगळा असतो, त्यामुळे अमुक सेकंदात अमुक मिली असा सर्वांना लागू पडणारा आकडा मी देणार नाही. पण रिकाम्या मशीनमधून पाणी सलग, न तुटणाऱ्या धारेने आणि कॉफीपेक्षा स्पष्ट दिसेल इतक्या वेगाने यायला हवं. मग कॅप्सूल घालून तेच करा. दोन्ही आकडे लिहून ठेवा, पुढे काही साफ केलंत की त्यांच्याशीच तुलना करायची आहे.

चाचणी चालू असताना कानही उघडे ठेवा. हा पंप म्हणजे तारेच्या गुंडाळीत पुढेमागे धावणारा दट्ट्या, आपल्याकडच्या ५० हर्ट्झ विजेवर सेकंदाला ५० ठोके देणारा. समोर काही तुंबलं असेल तर त्याचा आवाज दबतो, जड घुमल्यासारखा येतो. पाणीच मिळत नसेल तर आवाज मोठा, कोरडा, खडखडणारा होतो. हा फरक एकदा कानात बसला की अर्धं निदान झालंच.

रिकामी धार चांगली आणि कॅप्सूल घातली की थेंब, असं दिसलं तर पंप आणि थर्मोब्लॉक जवळपास निर्दोष समजा. गडबड कॅप्सूलमध्ये, नाहीतर तिला भोकं पाडणाऱ्या भागात आहे. तुम्ही कंपनी बदललीत, म्हणून मी पहिला प्रश्न हा विचारेन: धार आधी बारीक झाली की कॅप्सूल आधी बदलली? आठवत नसेल तर मशीनच्या मूळ कंपनीची एक ताजी, न चेपलेली कॅप्सूल मिळवा आणि लावून बघा. तिने कप नीट भरला तर शोध तिथेच थांबला.

सुसंगत म्हणून विकल्या जाणाऱ्या कॅप्सूल सगळ्या वाईट नसतात, पण त्यात फरक फार असतो. काही प्लास्टिकच्या किंवा कंपोस्ट होणाऱ्या कॅप्सूलची भिंत सुई घुसण्याऐवजी आत दबते. काहींचं खालचं झाकण इतकं चिवट असतं की दोन-चार ठिकाणीच फाटतं. काहींत पूड गरजेपेक्षा बारीक दळलेली असते. ओळखायला सोपं आहे: वापरलेली कॅप्सूल फेकू नका, उजेडात धरून बघा. वरच्या बाजूला भोकं स्वच्छ, आरपार पडलेली दिसली पाहिजेत. ती चिंबलेली किंवा अर्धवट असतील तर सुया बोथट झाल्या असतील किंवा भिंत त्यांच्यासाठी जाड असेल. खालच्या झाकणावर बारीक चिरांची सारखी जाळी दिसली पाहिजे. चिरा एकाच बाजूला असतील, तर उंचवट्यांच्या पट्टीवर कॉफीचा थर बसलाय.

परत भरता येणारी स्टीलची कॅप्सूल वापरणाऱ्यांसाठी एक सूचना. तिच्यात घरातली फिल्टर कॉफी भरू नका. त्या पुडीत बहुधा चिकोरी असते. चिकोरीचा मोठा भाग पाण्यात विरघळतो, पाणी दाट होतं आणि फुगलेली पूड घट्ट बसते. स्टीलच्या फिल्टरमध्ये डिकॉक्शन सावकाश उतरावं यासाठी ते ठीक, इथे मात्र त्याने रस्ता बंद होतो. शुद्ध कॉफी, थोडी भरड, आणि ठासून न भरता.

सुया आणि पट्टी साफ करायला खर्च शून्य, म्हणून चाचणीचं उत्तर काहीही येवो, हे करूनच घ्या. प्लग काढा, मशीन गार होऊ द्या. लीव्हर उघडून आत टॉर्च मारा. जुना टूथब्रश गरम पाण्यात बुडवून पट्टी आणि कॅप्सूल बसते ती जागा घासा. तिथे साचतो तो कॉफीचा तेलकट अंश आणि पूड, नुसत्या पाण्याच्या फेरीने तो पूर्ण निघत नाही. बोटं आत घालू नका, सुया चांगल्याच धारदार असतात. सुरी, स्क्रूड्रायव्हर असलं काही पट्टीवर फिरवू नका, उंचवटे एकदा चेपले की झाकण नीट फाटत नाही. ज्या मशीनमध्ये एकच पोकळ सुई असते, त्यांच्यासोबत बऱ्याचदा ती मोकळी करायला बारीक पिन दिलेली असते. नसेल तर कापड शिवायची बारीक सुई हलक्या हाताने चालते. मग कॅप्सूलशिवाय दोन-तीन वेळा पाणी सोडा. आणि यापुढे कॉफी झाली की कॅप्सूल लगेच पाडा. रात्रभर आत राहिलेली कॅप्सूल सकाळी डिंकासारखी चिकटते.

आता दुसरी शक्यता: रिकाम्या मशीनचीही धार बारीक आणि आवाज कोरडा. म्हणजे पाणी पंपापर्यंतच पोचत नाही. टाकी काढा, सिंकवर धरून तळाची झडप बोटाने दाबा. पाणी भसकन पडलं पाहिजे. रेंगाळत असेल तर झडपेत आणि जाळीवर बुळबुळीत थर असतो, विशेषतः टाकीतलं पाणी रोज न बदलता वरून भर घालण्याची सवय असेल तर. टाकीत फिल्टरची कांडी असेल तर ती काढून चाचणी घ्या, मुदत उलटलेली कांडी स्वतःच पाणी अडवते. टाकी परत ठेवताना नीट दाबून बसवा. अर्धवट बसलेल्या टाकीची झडप पूर्ण उघडत नाही, आणि एवढ्याशा कारणासाठी लोक मशीन घेऊन शहराच्या या टोकाहून त्या टोकाला येतात.

टाकीत दोष नसेल तर हवा अडकली असेल. सुट्टीत गावाला जाऊन आल्यावर, किंवा टाकी पूर्ण कोरडी होईपर्यंत बटण दाबलं गेल्यावर हे होतं. टाकी काठोकाठ भरा, लीव्हर दोन-तीनदा उघडझाप करा आणि मोठ्या कपाचं पाणी सोडत राहा. तरीही ओढ धरत नसेल तर प्लग काढून, टाकी बाजूला करून, तिथल्या तोंडात बिनसुईच्या सिरिंजने थोडं पाणी सावकाश ढकला आणि टाकी लावून परत सुरू करा. सलग रेटू नका. अशा पंपांच्या लेबलवर बऱ्याचदा दोन मिनिटं चालू, एक मिनिट बंद अशी मर्यादा लिहिलेली असते, आणि कोरडा चालवला तर तो त्याच्याही आधी तापतो.

विजेचा मुद्दा सहसा कुणी विचारात घेत नाही. व्होल्टेज फार उतरलं की दट्ट्याचा ठोकाच कमजोर पडतो, शिवाय पाणी पुरेसं तापत नसेल तर काही मशीन पंप मुद्दाम थांबवत-थांबवत चालवतात. धार संध्याकाळीच बारीक होत असेल आणि सकाळी बरी असेल, तर मशीनऐवजी घरात येणाऱ्या व्होल्टेजकडे बघा. अमेरिकेतून आणलेलं मशीन असेल तर गोष्ट आणखी वेगळी. ते १२० व्होल्ट, ६० हर्ट्झचं. कन्व्हर्टर व्होल्टेज उतरवतो, हर्ट्झ तेच राहतात. सेकंदाला साठ ठोक्यांसाठी बनवलेला पंप इथे पन्नासच देतो आणि त्याची गुंडाळीही जास्त तापते. त्याची धार तिथल्यासारखी होणार नाही, कितीही साफ केलंत तरी.

तिसरी शक्यता, आणि तुमच्या वर्णनावरून मला हीच जास्त वाटते: रिकाम्या मशीनचीही धार बारीक, पण आवाज जड, दबलेला. पंप ढकलतोय, पुढे वाट अरुंद झालीय. थर्मोब्लॉकमधली पाण्याची नळी मुळातच बारीक. पाण्यात विरघळलेलं कॅल्शियम बायकार्बोनेट तापलं की त्याचं कॅल्शियम कार्बोनेट होऊन भिंतीवर बसतं. गीझरच्या कॉइलवर, इस्त्रीच्या भोकांत दिसतो तोच हा पांढरा क्षार.

म्हणून मी नेहमी विचारतो, पाणी कुठलं? हे खरोखर परिस्थितीवर अवलंबून आहे. खडकवासल्याचं महापालिकेचं पाणी बरंच मऊ असतं, त्यावर चालणाऱ्या मशीनला दोन वर्षांत जेवढा क्षार धरेल, तेवढा बोअर किंवा टँकरच्या पाण्यावर काही महिन्यांत धरू शकतो. नव्या सोसायट्यांत तर उन्हाळ्यात टँकर, पावसाळ्यात नळ असा खेळ चालतो आणि राहणाऱ्यांना पत्ताही नसतो. कोकणात जांभ्यातल्या विहिरींचं पाणी बहुधा मऊ, देशावर बोअरचं बहुधा जड. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात एकूण कठीणपणा लिटरला २०० मिलिग्रॅमपर्यंत योग्य, आणि दुसरा स्रोतच नसेल तर ६०० पर्यंत चालवून घ्यावा असं आहे. म्हणजे पिण्यासाठी चालणारं पाणी मशीनसाठी भयंकर असू शकतं. टीडीएसच्या पेनवर यासाठी विसंबू नका. ते सगळे क्षार मिळून एक आकडा देतं, त्यातला थर धरणारा भाग किती हे सांगत नाही. कठीणपणा मोजायच्या कागदी पट्ट्या मिळतात, मत्स्यालयाच्या दुकानातही मिळतील. आणि तुम्ही पहिल्या दिवसापासून आरओचंच पाणी वापरत असाल, तर क्षाराचा संशय माझ्या यादीत बराच खाली जातो.

डिस्केलिंगनंतर धार आणखी बारीक का झाली, याचं बहुधा उत्तर असं: थर पूर्ण विरघळला नाही, नुसता सुटला. त्याच्या खपल्या पुढे वाहत जाऊन सुयांच्या तोंडाशी किंवा झडपेत अडकल्या. हे बऱ्याचदा घडतं आणि ते वाईट लक्षणही नाही, आत क्षार होता याचाच तो पुरावा. आधी सुया आणि पट्टी वर सांगितल्याप्रमाणे साफ करा, मग डिस्केलिंग पुन्हा करा, पण या वेळी घाईने नको. द्रावण थोडं आत घ्या, मशीन बंद करून दहा-पंधरा मिनिटं भिजू द्या, पुन्हा थोडं सोडा. बाहेर आलेल्या द्रावणात कण दिसत असतील तर तेच पाणी टाकीत परत ओतू नका. शेवटी दोन टाक्या स्वच्छ पाणी आणि एक बघून घ्या: मशीन डिस्केलिंगच्या मोडमधून बाहेर आलंय ना? काही मॉडेल त्या मोडमध्ये मुद्दाम टप्प्याटप्प्याने पाणी सोडतात, आणि अर्ध्यावर प्लग काढला तर पुढच्या वेळी तिथूनच सुरू होतात.

द्रावण कुठलं? वॉरंटी असेल तर कंपनीचंच, वाद नको. वॉरंटी संपली असेल तर किराणा दुकानातलं लिंबूसत्व चालतं, लिटरभर कोमट पाण्याला तीसेक ग्रॅम, पूर्ण विरघळवून. "जास्त घातलं की जास्त साफ" हा हिशेब इथे उलटतो. दाट आणि गरम द्रावणात कॅल्शियम सायट्रेटचा गाळ तयार होतो, आणि तो काढणं मूळ क्षारापेक्षा अवघड जातं. शिवाय ज्या थर्मोब्लॉकमध्ये पाण्याचा थेट ॲल्युमिनियमशी संबंध येतो, त्याला तीव्र आम्ल खातं. व्हिनेगर मी वापरत नाही. रबराच्या वॉशरना ते मानवत नाही आणि वास आठवडाभर कॉफीत येतो. बाथरूम साफ करायचं ॲसिड तर मुळीच नको. विचारणारे असतात, म्हणून लिहिलं.

लिहिण्याच्या ओघात आणखी एक: टाकीत दूध घालून बघितलंय का कुणी? रागावून नाही विचारत. पाण्याऐवजी दूध घातलं तर थेट दुधाची कॉफी येईल असं वाटणारी घरं आहेत. दूध थर्मोब्लॉकमध्ये करपतं, आणि त्यावर लिंबूसत्व घातलं तर आत काय होईल ते पनीर करणाऱ्या कुणालाही सांगता येईल. असं झालं असेल तर दुरुस्तीवाल्याला आधीच सांगा, त्याचा निम्मा वेळ वाचेल.

कप अर्धा भरतोय आणि वापरलेल्या कॅप्सूलच्या डब्यात पाणी साचतंय, असं दिसलं तर पाणी कॅप्सूलच्या बाजूने निसटतंय. कॅप्सूलच्या कडेवरची किंवा ती बसते तिथली रबरी कड झिजलेली असते. वेगळ्या कंपनीच्या कॅप्सूलमुळेही हे होतं, कड पातळ असेल तर. हे काम मशीन उघडून करायचं. आत २३० व्होल्ट आहेत, आणि काही मशीनचे स्क्रू साध्या पान्याने निघतही नाहीत, त्यामुळे घरी हट्ट करू नका.

आणि पंप खरंच गेला असेल तर? तेही होतं. बटण दाबल्यावर अजिबात आवाज नाही, किंवा थंड असताना ठीक आणि दोन कपांनंतर मान टाकतो, किंवा आतला झडपेचा गोळा झिजून दाबच धरत नाही. पण हे सांगण्याआधी मशीन उघडावं लागतं. तेव्हा दुकानात उभं राहून एक मागणी करा: पंपानंतरची नळी काढा आणि तिथे पेला धरून पंप चालवून दाखवा. तिथे पाणी जोरात आलं तर अडथळा पुढे आहे, नवा पंपही तिथेच अडेल. अर्थात मोकळ्या तोंडाशी चांगला चालणारा पंप दाबाखाली कच खाऊ शकतो, म्हणून लगोलग नळीच्या तोंडावर दाब मोजायचं घड्याळ लावून बघायला सांगा, कॉफी मशीन करणाऱ्याकडे ते असायला हवं. दोन्हीत नापास झाला तरच पंपाचे पैसे द्या.

तुम्ही रिकामी धार, कॅप्सूलसह धार आणि पाणी कुठलं, एवढं कळवा. सोबत वापरलेल्या कॅप्सूलचा दोन्ही बाजूंनी फोटो टाकलात तर मला नेमकं सांगता येईल.